एएम५ प्रोसेसरवर वॉटर ब्लॉक बसवणं, आणि तो नीट बसलाय का हे तपासणं

या लेखात एक ठरावीक जुळणी धरली आहे: एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर, एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या जागेचा) मदरबोर्ड, निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याचा सीपीयू ब्लॉक (प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता आतून वाहणाऱ्या पाण्याला देणारा ठोकळा), तीन पंख्यांचा ३६० मिमी रेडिएटर, टाकीसकट डी५ पंप आणि १०/१६ मिमीची मऊ नळी. इंटेलच्या बोर्डावर काय बदलतं ते त्या त्या जागी सांगितलंय. ग्राफिक्स कार्ड या पाण्याच्या फेऱ्यात घेतलेलं नाही. पहिल्यांदाच करत असाल तर ते घेऊही नका.

ब्लॉक प्रोसेसरवर आवळायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. बाकीचा सगळा दिवस गळती आणि तापमान तपासण्यात जातो. तो वाचवायला गेलं की मदरबोर्ड जातो.

सामान घेताना

ब्लॉक तांब्याचा असेल तर रेडिएटरही तांब्या-पितळेचाच हवा. ॲल्युमिनियम आणि तांबं एकाच पाण्यात आले की त्यांची छोटी बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. त्याचा गाळ ब्लॉकच्या बारीक पात्यांमध्ये येऊन अडकतो. स्वस्त रेडिएटरच्या जाहिरातीत नुसतं 'मेटल' लिहिलेलं असेल तर तो ॲल्युमिनियमचा समजा.

नळीवरच्या १०/१६ मध्ये पहिला आकडा आतल्या व्यासाचा आणि दुसरा बाहेरच्या. फिटिंगवर, म्हणजे नळी ज्याला जोडायची त्या जोडावर, हेच दोन्ही आकडे असायला हवेत. आतला व्यास एखाद-दोन मिमीने मोठा असलेली नळीही फिटिंगवर चढते, वरचं रिंगणही आवळलं जातं, पण पकड राहत नाही.

फिटिंगचे आटे जी १/४ मापाचे असतात. पाणी थांबवण्याचं काम फिटिंगच्या बुडाशी असलेली रबरी ओ-रिंग करते, आटे करत नाहीत. त्यामुळे नळ बसवताना लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप इथे लावू नका. टेपमुळे फिटिंग पूर्ण टेकत नाही, आणि टेपचे तुकडे सुटून पंपात जातात ते वेगळंच.

पाणी डिस्टिल्डच हवं. घरच्या आरओच्या पाण्यात क्षार उरतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारं पाणी चालतं, पण टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवून पाहा आणि ५ च्या वर आकडा आला तर ते बॅटरीलाच ठेवा. दुकानात शेजारीच बॅटरीचं ॲसिडही असतं, म्हणून कॅनवरचं लेबल स्वतः वाचून घ्या. या पाण्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक द्रव बाटलीवर दिलेल्या प्रमाणात मिसळायचा. दुधी रंगाचे चमकदार कूलंट फोटोत छान दिसतात, पण त्यांचा रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे कण असतात आणि काही महिन्यांत ते पात्यांत बसतात. पहिल्या जुळणीला पारदर्शक द्रवच बरा. अशा जुळणीत साधारण एक लिटरच्या आसपास पाणी मावतं, पण धुण्यासाठी धरून चार-पाच लिटर आणून ठेवा.

रेडिएटर धुणं

नव्या रेडिएटरच्या आत डाग देताना वापरलेल्या फ्लक्सचे (सांधा नीट धरावा म्हणून लावतात त्या रसायनाचे) अंश आणि धातूचा चुरा असतो. गरम डिस्टिल्ड पाणी अर्ध्यापर्यंत भरा, दोन्ही तोंडं बंद करा, दोन मिनिटं जोरात हलवा आणि पांढऱ्या भांड्यात ओता. पांढऱ्या भांड्यात काळे-करडे कण लगेच दिसतात. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करायचं, साधारण चार-पाच वेळा. ही पायरी गाळली तर तो कचरा गाळण्याचं काम ब्लॉक करतो.

बोर्डाची तयारी

एएम५ बोर्डावर सॉकेटच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे दोन कंस असतात, प्रत्येकी दोन स्क्रूंनी बसवलेले. ते चार स्क्रू काढले की कंस निघतात आणि बोर्डामागच्या आधारपट्टीची, म्हणजे बॅकप्लेटची, चार भोकं मोकळी होतात. ब्लॉकचे दांडे याच भोकांत बसतात. एएम५ची बॅकप्लेट सॉकेटच्या यंत्रणेनेच धरलेली असते, म्हणून ती जागची हलत नाही. आधीच्या एएम४ सॉकेटवर मात्र कंस काढताच बॅकप्लेट मागून खाली पडते. तिथे एक हात बोर्डामागे हवा.

एएम४ आणि एएम५ची भोकं ५४ × ९० मिमी अंतरावर असतात, त्यामुळे एएम४चा जुना ब्लॉक बहुधा एएम५वर बसतो. अट एकच: तो बोर्डाची मूळ बॅकप्लेट वापरणारा हवा. ज्या ब्लॉकला स्वतःची वेगळी बॅकप्लेट लागते त्याला एएम५चं किट वेगळं घ्यावं लागतं. इंटेलच्या एलजीए १७००वर भोकांमधलं अंतर ७८ मिमी आहे आणि त्याआधीच्या ११५एक्स व १२०० सॉकेटवर ७५ मिमी होतं. तीन मिमीचा फरक डोळ्याला जाणवत नाही. मग जुने दांडे ओढूनताणून बसवले जातात आणि ब्लॉक तिरपा टेकतो. १७००साठीचं किट मागून घ्या. तेच १८५१लाही चालतं.

रायझनमधल्या गाभ्यांच्या (कोअरच्या) चिप प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाच्या बरोबर मध्यभागी नसतात. बोर्ड कॅबिनेटमध्ये उभा असताना त्या मध्यापासून खालच्या अंगाला येतात. ब्लॉकच्या किटमध्ये सरकवून बसवायच्या पट्ट्या असतील तर त्या वापरा.

पेस्ट आणि ब्लॉक

ब्लॉक उलटा करून तळ पाहा. त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असतो. निकेलच्या आरशासारख्या तळावर तो अजिबात कळत नाही. नखाने कोपरा खरवडून बघा. पहिल्या चालू करण्यातच ९५ अंश दाखवणाऱ्या कितीतरी जुळण्यांत हा पापुद्रा तसाच राहिलेला असतो.

प्रोसेसरचं झाकण आणि ब्लॉकचा तळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. धागे न सुटणारं कापड घ्या, कापूस नको. एएम५च्या झाकणाला कडेने आठ खाचा आहेत आणि त्यांत बारीक कपॅसिटर उघडे दिसतात. विजेला अटकाव करणारी साधी थर्मल पेस्ट (झाकण आणि ब्लॉकमधली फट भरून उष्णता पुढे नेणारा लेप) तिथे थोडी गेली तरी बिघडत नाही, पण लिक्विड मेटल (वीज वाहून नेणारा पातळ धातू) या झाकणावर वापरू नका. पेस्ट किती घ्यायची? मधोमध हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक थेंब आणि चार कोपऱ्यांकडे मोहरीएवढे चार. एलजीए १७००चं झाकण लांबट असतं, तिथे मध्यावर लांबीच्या दिशेने एक रेघ ओढा.

आता आवळणं. चारही दांडे हाताने भोकांत फिरवून पूर्ण बसवा, त्यांवर ब्लॉक सरळ खाली उतरवा आणि स्प्रिंग-नटांचे पहिले आटे पकडेपर्यंत फिरवा. मग कर्णाच्या दिशेने जायचं: वर-डावा, खाली-उजवा, वर-उजवा, खाली-डावा. प्रत्येक वेळी एकच फेरा.

एक फेरा म्हणण्यामागे गणित आहे. एएम५ बॅकप्लेटचे आटे इंचाला ३२ असतात, म्हणजे एका फेऱ्यात नट सुमारे ०.८ मिमी खाली जातो. एक बाजू आधीच पाच फेरे आवळून टाकली तर तो कोपरा समोरच्यापेक्षा चार मिमी खाली असतो. पेस्ट एका कडेला ढकलली जाते, आणि नंतर दुसरी बाजू आवळली तरी ती परत येत नाही. नट अडून थांबेपर्यंत जा. बहुतेक ब्लॉकमध्ये दांड्याला खांदा असतो, तिथे नट टेकतो आणि दाब आपोआप ठरतो. त्यापुढे पकड लावून आवळू नका. खांदा नसलेल्या ब्लॉकमध्ये नटाच्या वर आलेले आटे चारही ठिकाणी सारखे दिसले पाहिजेत.

नळ्या जोडण्यापूर्वी ब्लॉक एकदा परत काढून ठसा पाहा. चिकटलेला असेल तर आधी हलकेच डावी-उजवीकडे फिरवा, सरळ ओढू नका. पातळ, सलग, कडेपर्यंत गेलेला थर म्हणजे ठीक. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला धातू चमकतोय म्हणजे आवळणं तिरपं झालं. मधे कोरडा ठिपका दिसला तर पेस्ट कमी पडली. दोन्ही पृष्ठभाग पुसा, नवी पेस्ट लावा आणि तेच परत करा. पाणी भरल्यावर हाच ब्लॉक उघडायचा म्हणजे अर्धा दिवस गेला.

नळ्या

ब्लॉकवर आत आणि बाहेर अशी दोन तोंडं असतात. आत येणारं पाणी एका फटीतून नेमकं पात्यांच्या मध्यावर सोडलेलं असतं. उलटं जोडलं तर पाणी फिरतं, गळत नाही, सगळं ठीक दिसतं, आणि प्रोसेसर काही अंशांनी गरम राहतो. ही चूक महिनोन् महिने सापडत नाही. ब्लॉकवरची खूण पुसट असेल तर पुस्तिकेतली आकृती पाहूनच जोडा.

कशानंतर काय, या क्रमावर मात्र डोकं शिणवू नका. मिनिटाला एक लिटर प्रवाह असेल तर २०० वॅट उष्णता घेऊन पाणी जेमतेम तीन अंशांनी तापतं. ब्लॉकच्या आधीच्या आणि नंतरच्या पाण्यात एवढाच फरक. पाळायचा नियम एकच: टाकी पंपाच्या लगेच आधी आणि त्याच्यापेक्षा वर.

नळी धारदार पात्याने काटकोनात कापा, कात्रीने तोंड चेपतं. फिटिंग हातानेच आवळायचं, ओ-रिंग दबलेली जाणवली की थांबायचं. ॲक्रिलिकचा ब्लॉक किंवा टाकी असेल तर पान्याचा एक जास्तीचा झटकाही आट्यांपाशी केसासारखी चीर पाडतो. रेडिएटरच्या सगळ्यात खालच्या भागाजवळ टी-फिटिंग आणि छोटी तोटी बसवून ठेवा. वर्षभराने पाणी काढताना तिचं मोल कळेल.

आधी हवेने तपासा

पाण्याचा थेंबही आत जाण्याआधी हवेचा दाब देऊन पाहायचं. डायल असलेला छोटा हातपंप जी १/४ आट्यांसह मिळतो. तो टाकीच्या वरच्या रिकाम्या तोंडाला लावा, बाकी तोंडं बंद करा आणि ०.५ बारपर्यंत दाब द्या. टाकीच्या पुस्तिकेत कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. सायकलचा पंप लावायचा मोह नको, त्यावर १ बार कधी ओलांडला ते कळत नाही.

मऊ नळी किंचित फुगते, म्हणून पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत काटा जरासा खाली येतो. दाब परत ०.५ला आणा आणि अर्धा तास सोडा. काटा हलला नाही तर उत्तम. या वेळात एसी चालू-बंद करू नका. खोलीचं तापमान तीन अंशांनी घसरलं तर गळती नसतानाही डायल साधारण ०.०१५ बार उतरतो, आणि मग नसलेली गळती शोधत बसावं लागतं.

काटा सतत उतरत असेल तर पाण्याचा फेरा अर्धा करा. ब्लॉककडची नळी सोडून तिथे बूच लावा आणि उरलेला भाग तपासा. ज्या अर्ध्यात दाब टिकत नाही तो परत अर्धा करा. चार-पाच वेळांत फिटिंग सापडतं. बहुतेकदा ओ-रिंग खोबणीतून बाहेर येऊन चेपलेली असते.

मग पाण्याने

आता फक्त पंपाला वीज द्यायची आहे. एसएमपीएस (संगणकाचा वीजपुरवठा) बंद करून बोर्डाचा २४ पिनचा, प्रोसेसरचा ८ पिनचा आणि ग्राफिक्स कार्डचा प्लग काढा. २४ पिनच्या प्लगला जंपर ब्रिज लावा. तो १६ नंबरची पिन शेजारच्या अर्थशी जोडतो आणि एसएमपीएस बोर्डाशिवाय चालू होतो. जुन्या एसएमपीएसमध्ये ही तार हिरवी असते आणि लोक वाकवलेली पेपरक्लिप लावतात. तारा सगळ्या काळ्या असतील तर अंदाजाने क्लिप खुपसू नका, ब्रिजच आणा.

प्रत्येक फिटिंगखाली आणि ब्लॉकभोवती टिश्यू पेपरच्या घड्या ठेवा. प्रत्येक घडीवर शाईपेनाने, बॉलपेनाने नव्हे, एक ठिपका काढा. एक थेंब पडला तरी शाई फुटते, आणि टिश्यू नंतर वाळला तरी डाग राहतो. रात्रभर पहारा द्यायची गरज उरत नाही.

टाकी भरा, पंप दोन-तीन सेकंद चालवा, पाणी खाली जाताच बंद करा, परत भरा. डी५चं बेअरिंग त्याच पाण्याने ओलं राहतं. तो कोरडा फिरला तर आधी खरखरतो आणि मग खराब होतो. पाण्याची पातळी स्थिर झाली की पंप सलग चालवा आणि कॅबिनेट हळूहळू चारही बाजूंना कलवा. रेडिएटरच्या कोपऱ्यात अडकलेली हवा खळखळ करत टाकीत येते. टाकी काठोकाठ भरू नका. २५ अंशांचं एक लिटर पाणी ४५ अंशांवर सुमारे ७ मिली वाढतं, त्याला जागा हवी.

असंच किमान आठ तास चालू ठेवा, रात्रभर ठेवलंत तर आणखी चांगलं. सकाळी ठिपके पाहा. शाई कुठे फुटलेली दिसली तर पंप बंद करा, फेरा रिकामा करा आणि बोर्ड ओला झाला असेल तर तो पूर्ण वाळल्याशिवाय वीज देऊ नका. डिस्टिल्ड पाणी वीज फारशी वाहून नेत नाही हे खरं, पण बोर्डावरची धूळ आणि तुमचा गंजरोधक द्रव त्यात मिसळला की ते तसं राहत नाही.

पहिल्यांदा चालू करताना

डी५ची वीज थेट एसएमपीएसमधून घ्यायची. बोर्डाचा साधा फॅन हेडर (पंख्याची तार लावायच्या पिना) सहसा १ अँपिअरचा असतो आणि डी५ पूर्ण वेगाने त्याहून जास्त खेचतो. हेडरवर फक्त वेगाचा सिग्नल आणि पंपाच्या फेऱ्यांचं (आरपीएमचं) वाचन जोडा. फेऱ्यांची तार 'सीपीयू फॅन' हेडरला लावली तर दोन कामं होतात: पंखा सापडत नाही म्हणून बोर्ड अडून बसत नाही, आणि पंप बंद पडला तर बोर्ड ओरडतो.

विंडोजमध्ये जाण्याआधी बायोसमध्येच (मदरबोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर) पाच मिनिटं थांबा. तापमान चाळीस-पन्नासवर घुटमळत असेल तर ठीक. दर काही सेकंदांनी एकेक अंश चढत ७०च्या पुढे चाललं असेल तर लगेच बंद करा. अशा वेळी पंप फिरत नसतो, ब्लॉकमध्ये हवा कोंडलेली असते, नाहीतर तो पापुद्रा.

आकडे कसे वाचायचे

७९५०एक्सला बंधन घातलं नाही तर तो २३० वॅटपर्यंत जातो आणि भरपूर कामाच्या वेळी ९५ अंशांना टेकतो. तो बनवलाच तसा आहे: थंडावा जास्त मिळाला की वेग वाढवतो आणि परत ९५कडे जातो. म्हणून नुसतं ९५ पाहून ब्लॉक चुकीचा बसला असं म्हणता येत नाही. तपासणीपुरता बायोसमध्ये १०५ वॅटचा इको मोड निवडा. १०५ हा नावातला आकडा; प्रत्यक्षात प्रोसेसर १४२ वॅटवर अडतो आणि तुलना करता येते.

पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर हवाच. तो फिटिंगसारखा आट्यांत बसतो आणि दोन पिनांनी बोर्डाच्या तापमान-हेडरला लागतो. बोर्डावर तसा हेडर आहे का, आणि तो १० किलोओहमचा सेन्सर मागतो का, हे आधी पाहा. खोलीचं तापमान साध्या थर्मामीटरने मोजा, पण तो कॅबिनेटच्या गरम झोताबाहेर ठेवा.

तापमान आणि वॅट दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडा, प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या सिनेबेंच आर२३ची तीस मिनिटांची चाचणी लावा आणि दोन वेळा आकडे लिहा. पहिला चालू झाल्यावर मिनिटभरात, दुसरा शेवटी. ब्लॉक आणि पेस्ट कशी आहे ते पहिल्या मिनिटातच दिसतं, कारण तांबं लगेच तापतं. रेडिएटरचं खरं रूप अर्ध्या तासाने दिसतं. एक लिटर पाण्याला १४० वॅट दिले तर एक अंश चढायला तीस सेकंद लागतात, आणि रेडिएटर उष्णता बाहेर टाकू लागला की त्याहून जास्त.

समजा शेवटी खोली ३०, पाणी ३८, प्रोसेसर ७३ आणि वॅट १४० आहेत. पाणी वजा खोली ८, हा रेडिएटर आणि पंख्यांचा हिशेब. प्रोसेसर वजा पाणी ३५, हा ब्लॉक आणि पेस्टचा. ३५ला १४०ने भागा: वॅटमागे ०.२५ अंश. हा शेवटचा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा. खोली, ऋतू, पंख्यांचा वेग काहीही असो, तो जवळपास तोच यायला हवा. दुसऱ्याच्या जुळणीशी तो ताडून पाहण्यात अर्थ नाही. प्रोसेसर बदलला की हा आकडा बदलतो.

पाणी-खोलीचा फरक १५च्या वर गेला तर रेडिएटरकडे पाहा: पंखे उलटे, जाळीला धूळ, किंवा कॅबिनेटमधली गरम हवाच त्यातून ओढली जातेय. प्रोसेसर-पाण्याचा फरक मोठा असेल तर पंपाचा वेग ४० टक्क्यांवरून १०० करून बघा. निरोगी फेऱ्यात दोन-चार अंश उतरतात. खूप उतरले तर प्रवाह कुठेतरी अडलाय: नळी मुडपलीय किंवा ब्लॉकमध्ये कचरा आहे. काहीच उतरलं नाही तर पेस्ट किंवा दाब. ७९५०एक्समध्ये दोन चिपचं तापमान वेगवेगळं दिसतं. पाच-सात अंशांचा फरक नेहमीचाच, पंधराच्या पुढे गेला तर ब्लॉक एका बाजूला उचललेला आहे.

अकोल्या-नागपूरकडे मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, तेव्हा पाणी ४८-५०ला पोचणं स्वाभाविक आहे. पंप, ॲक्रिलिक आणि नळ्यांची मर्यादा बहुधा ६०ची असते, म्हणून ५५ला संगणक बंद व्हावा अशी सूचना लावून ठेवा. कोकणातल्या दमट हवेत ब्लॉकवर दव धरेल ही भीती मात्र निराधार आहे. साध्या रेडिएटरने पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होतच नाही, मग दव कुठून धरणार?

हवेच्या कूलरचा झोत गेल्यामुळे सॉकेटभोवतीचे व्हीआरएम (प्रोसेसरला हव्या त्या व्होल्टेजची वीज देणारे भाग) वाऱ्यावाचून राहतात, तेही त्याच अर्ध्या तासात पाहून घ्या. ९०च्या पुढे जात असतील तर कॅबिनेटच्या मागच्या बाजूला हवा बाहेर टाकणारा एक पंखा लावा.

नंतर

पहिल्या आठवड्यात बारीक बुडबुडे सुटत राहतात आणि टाकीची पातळी थोडी उतरते, ती भरून घ्या. त्यानंतर पातळी उतरत राहिली तर फिटिंगखाली परत टिश्यू ठेवा. पाणी वर्षातून एकदा बदला.

वहीतला ०.२५ सहा महिन्यांनी ०.३२ झाला असेल तर आधी पेस्ट बदलून पाहा. तरीही उतरला नाही तर ब्लॉक उघडायचा. उघडण्यापूर्वी फोटो काढा, कारण आतली फटीची पट्टी कोणत्या बाजूने होती ते हमखास विसरतं. पात्यांच्या दिशेनेच मऊ टूथब्रश फिरवा, आडवा घासला तर पाती वाकतात. मोठी ओ-रिंग ताणून लांबली असेल तर ती खोबणीत बसताना एका ठिकाणी लाट धरते. तिला दाबून बसवू नका, नवी घ्या. ब्लॉक परत बंद झाला की हवेची तपासणी पहिल्यापासून, अर्धा तास, ०.५ बारवर.